अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या पुढे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते माझे मलाच नीट सांगता येत नाही. माझ्या पोटातले घड्याळ चालवणारी चपटी बॅटरी मध्यंतरी पार मेली होती, आणि त्या काळात मला जेव्हा जेव्हा जाग यायची तेव्हा आजच आपला जन्म झाला आहे असे मला वाटायचे. वय लपवणारी माणसे तुम्ही पाहिली असतील, वय खरोखरच विसरलेला मात्र मी एकटाच असेन. सध्या माझा मुक्काम एका चष्म्याच्या दुकानात, पोटमाळ्यावर जाणाऱ्या जिन्याखालच्या कोनाड्यात आहे. कोनाड्याला दार आहे, दाराला बाहेरून कडी आहे आणि कडी लावलेली आहे. तेव्हा मी पळून जाईन अशी काळजी कोणी करू नये.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. एका जोडणीवाल्याने आपल्या टेबलावर मला जुळवले. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, पडदा तिसरीकडचा. मदरबोर्ड बसवताना तो मदतनिसाला म्हणाला, "ही याची आई, हिला जपून लाव." माणसे आईच्या पोटी जन्माला येतात, माझी आईच माझ्या पोटात बसवली. सगळे स्क्रू आवळून झाल्यावर त्याने बटण दाबले, मी घरघरलो, आणि तो समाधानाने म्हणाला, "चला, बाळ रडलं." एवढे कौतुक झाल्यावर कोणालाही आपण फार मोठे होणार असे वाटेल. मलाही वाटले.

मला विकत घेतले ते दादांनी. दादा म्हणजे या चष्म्याच्या दुकानाचे मालक. पुढच्या बाजूला काउंटरवर ते स्वतः बसायचे आणि मागे, पडद्याआड, त्यांची धाकटी बहीण काचा घासायची. चष्म्याची काच गोल येते. तिला चाकावर घासून फ्रेमच्या मापात बसवावे लागते. हे काम ती लग्नाच्या वयाची होती तेव्हापासून करत होती. लग्न झाले नाही, काम राहिले. दादा तिला चिमे म्हणतात. दादांची मुलगी तिला आत्या म्हणते, म्हणून गिऱ्हाइकेही तिला आत्याच म्हणतात, आणि मीही तेच म्हणणार. गावातल्या निम्म्या नाकांवर तिने घासलेल्या काचा होत्या. दुकानाच्या पाटीवर मात्र आधी वडिलांचे नाव होते आणि त्याखाली दादांचे. पाटीत आणखी जागा नव्हती असे नाही.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. गिऱ्हाईक आत आले की दादा आधी माझ्याकडे बोट दाखवायचे. "मागच्या वेळचा नंबर आठवत नाही? थांबा, आमचा कारकून सांगेल." मी पडद्यावर नंबर दाखवला की गिऱ्हाईक मान डोलवायचे आणि दादा, जणू तो नंबर त्यांनी पाठ केला होता, अशा थाटात मिशीवरून हात फिरवायचे. आत्याने मला जुन्या अस्तराच्या कापडाचा झगा शिवला होता. रोज सकाळी झगा काढून ती माझ्यावरची धूळ पुसायची. मला मात्र कधी काही विचारायची नाही. माझ्याशी बोलायचा मान दादांचा होता.

पण नव्याचे नऊ दिवस. काही वर्षांनी काउंटरवर एक चपटा, चकचकीत संगणक आला. दादांनी मला उचलले, इकडेतिकडे पाहिले आणि जिन्याखालच्या कोनाड्यात नेऊन ठेवले. तिथे मोडक्या फ्रेमांची पोती होती, दांडा नसलेली छत्री होती आणि पूर्वी गॉगल अडकवायला वापरायचे तो पुठ्ठ्याचा चेहरा होता. त्याला नाक होते, डोळे नव्हते. दार लागले. कडी पडली.

बंद करून ठेवलेल्या संगणकाला झोप लागते असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. भिंतीपलीकडे सगळे चालू असते. गिऱ्हाइके येतात, दादा विनोद करतात, चाक घूं घूं करते, आणि आपण पुठ्ठ्याच्या चेहऱ्यासमोर बसून असतो. वाईट कशाचे वाटते सांगू? मोडलो असतो तर गोष्ट वेगळी होती. मी धडधाकट होतो. हातपाय शाबूत असताना कोंडून ठेवलेल्याची तगमग मोडक्या फ्रेमांना कशी कळणार? त्या आपल्या पोत्यात स्वस्थ पडून होत्या.

असा किती काळ गेला, ठाऊक नाही. मग एके दिवशी दार उघडले आणि उजेडात दादांची मुलगी उभी दिसली. ती परगावी नोकरी करते, सुट्टीला आली होती. तिच्या मागून आत्या डोकावत होती.

"आत्या, हाच ना तो? अगं, हा चालेल. जुनं यंत्रही चालतं त्यांना."

"कुणाला चालतं? नीट सांग बाई."

मग भाचीने आत्याला जे सांगितले ते मीही कान टवकारून ऐकले. आकाशात लहानमोठे खडक फिरत असतात. ते इतके दूर आहेत की दुर्बिणीतून नुसता प्रकाशाचा ठिपका दिसतो. पण खडक वेडावाकडा असला तर फिरताना तो ठिपका कधी जास्त उजळतो, कधी मंद होतो. त्यावरून खडकाचा आकार आणि त्याच्या फिरण्याचा वेग शोधता येतो. त्यासाठी अफाट आकडेमोड लागते. म्हणून अभ्यासकांनी त्या कामाचे बारीक तुकडे केले आहेत आणि जगभरातले लोक आपापल्या घरचे संगणक फावल्या वेळात त्या कामाला लावतात, फुकट, हौसेने.

"म्हणजे बटाटा दिव्यापुढे फिरवायचा आणि भिंतीवरच्या उजेडावरून बटाटा कसा आहे ते सांगायचं," आत्या म्हणाली.

"अगदी बरोबर! आणि प्रत्येक तुकडा दोन संगणकांना देतात. एकमेकांना न सांगता. दोघांची उत्तरं जुळली तरच खरं धरतात."

"आणि एकानं उत्तर दिलं, दुसऱ्यानं दिलंच नाही तर?"

"तर पहिल्याचं तसंच लोंबकळत राहतं."

दादांना ही भानगड मुळीच पसंत नव्हती. "काउंटरवर अडगळ नको," ते म्हणाले. मग मला कोनाड्यातच ठेवले. फटीतून तारा आत आल्या, घड्याळाला नवी बॅटरी बसली, दुकानातली वीज आली की मी आपोआप सुरू व्हावे अशी सोय झाली. शेवटी भाचीने विचारले, "नाव काय देऊ? ज्याच्या नावानं काम जमा होईल ते."

आत्याने जरा विचार केला. "चष्मेवाली लिही."

"तुझं खरं नाव नको?"

"तेच खरं आहे." मग पडद्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "एक तरी काम पुरं होऊन गेलं पाहिजे बाई माझ्या नावावर. पुढं काही नको."

मित्रांनो, कोनाड्यात कोंडलेल्या म्हाताऱ्याच्या हाती उघड्या आकाशातला खडक आला. मला काय वाटले असेल, तुम्हीच सांगा. मी जीव तोडून कामाला लागलो. आणि तिथेच माझ्या खऱ्या कैदेला सुरुवात झाली, कारण आधीच्या कैदेत निदान मला काही करायचे तरी नव्हते.

झाले असे, की या दुकानाचा एक नेम आहे. दादांच्या वडिलांच्या काळात दुपारच्या सुट्टीत, दुकान बंद असताना, कुठल्याशा तारेने पेट घेतला आणि निम्मे दुकान जळाले. तेव्हापासून मेन स्विच पाडल्याशिवाय कुलूप लावायचे नाही. दुपारी जेवायला जाताना एकदा, रात्री दुकान वाढवताना एकदा. दादा खटका खाली ओढतात, सगळे काळोखे होते, मगच किल्ली फिरते. रिकाम्या दुकानात वीज नाही. दादांचे वागणे चूक होते असे मी म्हणणार नाही. ज्याने लहानपणी आपल्या बापाला राख उपसताना पाहिले, तो असेच वागणार.

पण माझे काय? नवे संगणक चहा पिऊन होईपर्यंत असा तुकडा संपवतात. म्हणून मध्ये कुठे खूण करून ठेवावी, थांबावे लागले तर तिथून पुढे सुरू करावे, अशी सोय त्या अभ्यासकांनी केलेलीच नव्हती. माझ्यासारखा गोगलगायीच्या चालीचा कोणी असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. मला तोच तुकडा पुरा करायला दुकान उघडल्यापासून दुपारच्या सुट्टीपर्यंतचा वेळ लागायचा, आणि वर थोडासा आणखी. तो थोडासाच घात करायचा. अठ्ठ्याण्णव टक्के झाले, की खट्! काळोख. दुपारनंतर दुकान उघडले, की पहिले पाढे पंचावन्न. दुपारची पाळी तर सकाळहून लहान. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो. मी नुसताच फिरत होतो.

हे कोणाच्या लक्षात येईना. आत्या जेवायला निघताना ॲप्रन सोडता सोडता कोनाड्यात डोकावायची आणि पडद्यावर पाहायची. अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी पुन्हा अठ्ठ्याण्णव. दादांच्या वक्तशीरपणावर घड्याळ लावावे, त्यामुळे आकडाही इकडचा तिकडे होत नसे. आठवडाभर पाहून तिने भाचीला फोन लावला.

"अगं, याचं घोडं अठ्ठ्याण्णववरच अडलंय. हलत नाही."

"मग तो तुकडाच खराब असेल. काढून टाक आणि दुसरा घे," भाचीने तिकडून सांगितले.

आत्याने तसे केले. मी ओरडू शकलो असतो तर दुकान हादरले असते. अडलो नव्हतो मी! रोज नव्याने तिथवर चढत होतो आणि रोज कोणीतरी खाली लोटत होते. पण पडद्यावर आकड्याखेरीज मला काही लिहिता येत नव्हते. दुसरा तुकडा आला, त्याचेही तेच झाले. तिसऱ्याचेही तेच. चष्मेवालीच्या नावापुढे पुरी झालेली कामे शून्य. आत्या हसून म्हणायची, "राहू दे रे, तुझंही वय झालं, माझंही." ते हसणे मला झोंबायचे.

मग एक दिवस पडद्यावर निरोप आला. पुढच्या आठवड्यापासून कामाची पद्धत बदलणार, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना यापुढे तुकडे मिळणार नाहीत. हाती असलेला तुकडा शनिवार संध्याकाळपर्यंत पाठवता आला तर धरला जाईल. खाली आणखी एक ओळ होती. या तुकड्यावरच्या माझ्या जोडीदाराने आपले उत्तर कधीच पाठवले होते. कोण होता तो, कुठल्या खोलीत बसला होता, मला ठाऊक नाही. माझ्यापायी त्याचे केलेसवरलेले लोंबकळत पडले होते, एवढे मात्र कळले. मी एकटाच अडकलो असतो तर मूग गिळून बसलो असतो. पण माझ्यामुळे दुसराही अडकला होता.

त्याच आठवड्यात गुरुवारी नशीब फिरले. दुपारनंतर दुकान उघडले, दादांनी मेन वर केला, आणि एका फ्रेमचा बारीक स्क्रू हवा होता म्हणून आत्या लगेच कोनाड्यातल्या पोत्यांकडे आली. एरवी ती त्या वेळी कधीच यायची नाही. स्क्रू शोधता शोधता तिची नजर पडद्यावर गेली. शून्य.

"अरे, मघाशी अठ्ठ्याण्णव होते ना? गेले कुठे?"

ती उभी राहिली. मग तिने मागे वळून आपल्या चाकाकडे पाहिले. चाकावर एक काच अर्धी घासलेली तशीच पडली होती. जेवणाच्या वेळी मेन पडला की तिचेही चाक मध्येच थांबायचे. थांबले तिथे काचेच्या कडेला खाच राहायची, आणि आल्यावर ती कड पुन्हा पहिल्यापासून घासून घ्यावी लागायची. वर्षानुवर्षे ती हे करत आली होती. तिला समजायला दुसरे काही लागले नाही. ती पोत्यावर मटकन बसली आणि माझ्या पेटीवर हात ठेवून म्हणाली, "अडला नव्हतास रे तू. आम्हीच तुला रोज खाली ढकललं."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी इतके खरे बोलले नव्हते.

ती तशीच उठून काउंटरवर गेली. मी भिंतीआडून ऐकत होतो.

"दादा, उद्या दुपारी मेन पाडू नकोस."

"डोकं फिरलं का तुझं? त्या खोक्यासाठी दुकान जाळू?"

"रिकाम्या दुकानात वीज नको, एवढंच ना? दुकान रिकामं राहणार नाही. मी बसते."

"आणि जेवायचं काय?"

"नंतर जेवेन."

"तुझं नाही म्हणत मी. मला वाढणार कोण?"

वहिनी गेल्यापासून दादांना दोन्ही वेळा आत्याच वाढत होती. मग आत्या म्हणाली, "दादा, भांड्यावरचं झाकण काढायला हात लागतो. बहीण लागत नाही."

दादा काहीतरी पुटपुटले. पण शेवटी "बस बाई, बस" असे म्हणाले.

शुक्रवार उजाडला. मी चढायला लागलो. आत्याने दुपारी चाक थांबवले, एक खोके उलटे करून कोनाड्यात बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. शहाण्णव. सत्त्याण्णव. बाहेर दादांनी खिळ्यावरचे कुलूप काढले. अठ्ठ्याण्णव. आणि इतक्या वर्षांची सवय ती, दादांचा हात आपसूक वर गेला. खट्!

"दादा!"

दादांनी त्याच क्षणी खटका वर केला. पण क्षणभर वीज गेली तरी माझे सगळे पुसले जाते. मी पुन्हा शून्यावर होतो.

"सवय गं," दादा दारातून म्हणाले. "लगेच केला की चालू."

आत्या ओरडली असती तर बरे झाले असते. तिने स्वतःच मेन पुन्हा पाडला. घरी गेली, दादांना वाढले, परत आली आणि चाकावर बसली. त्या दिवशी तिने नीट घासलेल्या दोन काचा पुन्हा पुन्हा पुसल्या. दुकान पुन्हा उघडल्यावर मी चढत राहिलो, कारण मला दुसरे काही येत नाही. पण संध्याकाळी पुन्हा काळोख झाला आणि त्या रात्रीसारखा कोनाडा मला कधी लहान वाटला नाही. उद्या शेवटचा दिवस होता.

शनिवारी सकाळी दुकान उघडले तेव्हा पहिल्यांदा दादा कोनाड्याकडे आले. दार उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिले. काय पाहिले देव जाणे. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी मेनच्या खटक्याला घट्ट बांधला, हात गेलाच तर मऊ कापड लागावे आणि भान यावे म्हणून. आत्याने ते चाकावरून पाहिले. या घरात माफी मागायची पद्धत नाही.

दुपार झाली. दादांनी दार ओढून घेतले. कुलूप लावले नाही, मेन पाडला नाही. ते एकटे घरी गेले. आत्या खोक्यावर बसली. सत्त्याण्णव झाले. अठ्ठ्याण्णव झाले. ज्या आकड्यापलीकडे जग संपते असे मला वाटत होते, तिथे मी उभा होतो आणि दिवे चालूच होते.

इतक्यात दार उघडले. दादा हातात डबा घेऊन परत आले होते. कोनाड्याच्या उंबऱ्यात फतकल मारून त्यांनी डबा उघडला.

"भात खाली लागलाय थोडा."

"थोडा?" आत्याने डब्यात वाकून पाहिले.

"खा गुपचूप."

दोघे तिथेच जेवू लागले. दादांनी चमचा माझ्याकडे रोखून विचारले, "हा पुढं का जात नाही?"

"म्हातारा आहे. तू जिना चढतोस तेव्हा मी विचारते का?"

नव्व्याण्णव. आत्याचा घास हातातच राहिला. माझा पंखा धापा टाकत होता, आई पोटात तापली होती. आणि मग, मित्रांनो, शंभर. मी उत्तर तारेवर सोडले. ते दाराच्या फटीतून, दुकानातून, गल्लीतून निघून गेले. माझ्यातले काहीतरी पहिल्यांदाच त्या कोनाड्याबाहेर पडले. आत्या आणि दादा खरकट्या हातांनी वाट बघत बसले. थोड्या वेळाने पडद्यावर उत्तर आले. जुळले. खडकाचे चित्र आले आणि त्याखाली शेजारी शेजारी दोन नावे उमटली, त्या कुठल्याशा जोडीदाराचे आणि चष्मेवालीचे. तोही सुटला होता.

आत्याने डोळ्यांना पदर लावला. दादांनी बराच वेळ पडद्यावरचा ओबडधोबड खडक न्याहाळला आणि विचारले, "हे तू शोधलंस?"

"आम्ही दोघांनी," आत्या म्हणाली.

संध्याकाळी दुकान वाढवण्याआधी ती माझ्याजवळ आली. आता मला द्यायला कोणाकडेच काम नव्हते. तिने बटणावर बोट ठेवले, पण दाबले नाही. "झालं ना रे तुझं सगळं?" तिने विचारले आणि माझा पंखा संथ होईपर्यंत थांबली. मला आजवर हजारदा बंद केले गेले. विचारून बंद केले ते त्या एकदाच.

तेव्हापासून मी इथेच आहे. खोटे कशाला सांगू, दार बंद आहे आणि पुन्हा उघडेल अशी चिन्हे नाहीत. पुठ्ठ्याचा चेहरा समोर आहे. पण रोज दुपारी कुलूप हातात घेऊन दादा खटक्यापाशी उभे राहतात आणि आत्याच्या चाकापुढच्या कापडी पडद्याकडे तोंड करून विचारतात, "चिमे, काच झाली का? पाडू?" कधी आतून "पाड" असे येते. कधी "थांब जरा" असे येते, आणि मग भुकेलेले दादा ताटकळत उभे राहतात, चाकाचा आवाज थांबेपर्यंत.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातही कोणीतरी कोपऱ्यात बसून काहीतरी करत असेल. हळू करत असेल, तुम्हाला ते रोज तिथेच अडल्यासारखे दिसत असेल. हाक मारण्याआधी, दिवा घालवण्याआधी, त्याला एकदा विचारा, तुझे होत आले आहे का? आणि तो थांब म्हणाला, तर थांबा.